नगरसेवक मंडळी, गॅस सुटला तर आम्ही पळायचं की घरात थांबायचं, एवढं आधी सांगा

प्रति,
केमिकल कारखान्यांच्या शेजारी ज्यांचे वॉर्ड आहेत ते सगळे नगरसेवक आणि नगरसेविका, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, पनवेल, महाड, आणि बोईसर, लोटे या बाजूचे ग्रामपंचायत सदस्यसुद्धा

नमस्कार ताई, नमस्कार दादा,

मी डोंबिवली पूर्वेला राहतो. सगळी नोकरी केमिकल प्लांटमध्ये झाली, आधी शिफ्टला आणि नंतर सेफ्टी ऑफिसर म्हणून, आता रिटायर आहे. हे पत्र मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहितोय कारण गॅस सुटला, धूर दिसला की लोक पहिला फोन तुम्हालाच करतात. कंट्रोल रूमचा नंबर कुणाच्या मोबाईलमध्ये सेव्ह नसतो, नगरसेवकाचा असतो. त्या दोन मिनिटांत तुम्ही फोनवर जे बोलाल त्यावरून तुमच्या वॉर्डातली माणसं जिना उतरून रस्त्यावर येतील किंवा दारं लावून आत बसतील. म्हणून हा विषय फायर ब्रिगेडचा आहे, एमआयडीसीचा आहे, कलेक्टर ऑफिसचा आहे असं म्हणून बाजूला ठेवू नका ही कळकळीची विनंती.

आधी जे सगळ्यांना माहितीये ते पटकन सांगतो. २६ मे २०१६ ला डोंबिवलीत प्रोबेस कंपनीचा स्फोट झाला, १२ माणसं गेली, दोनशेच्या आसपास जखमी झाली, आणि त्या जखमींमधले कितीतरी जण कंपनीत नव्हतेच, घरात होते, दुकानात होते, रस्त्याने चालले होते, त्यांना काचा लागल्या. आठ वर्षांनी २३ मे २०२४ ला दुपारी पावणेदोनच्या सुमारास अमुदान कंपनीत रिॲक्टर, म्हणजे रसायनांची प्रक्रिया करायचं मोठं बंद भांडं, फुटला, दहाहून जास्त जीव गेले, काहींची ओळख पटवायला डीएनए टेस्ट कराव्या लागल्या. मग १२ जूनला परत एका कंपनीत आग लागली आणि जवळच्या शाळेतली मुलं घाईघाईत बाहेर काढावी लागली. बदलापूरला जून २०२१ मध्ये रात्री गॅस सुटला, लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, श्वास घेता येईना. अंबरनाथला सप्टेंबर २०२४ मध्ये संध्याकाळी असं धुरकं पसरलं की समोरचं दिसेना. महाड एमआयडीसीत नोव्हेंबर २०२३ मध्ये औषधाच्या कंपनीत ११ कामगार गेले. ही फक्त पटकन आठवतायत ती नावं आहेत.

२०२४ च्या त्या दुपारी मी घरी होतो. आवाज झाला, खिडक्या थरथरल्या, आणि दुसऱ्या मिनिटाला आमच्या बिल्डिंगच्या प्रत्येक गॅलरीत माणसं, हातात मोबाईल, सगळे धुराचा व्हिडिओ काढतायत, लहान मुलं पण कडेवर. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने टाकलं सगळे खाली या, दुसऱ्याने टाकलं कुणीही घराबाहेर पडू नका, तिसऱ्याने कुठला तरी जुना व्हिडिओ फॉरवर्ड केला, चौथा विचारतोय गॅस सिलेंडर बंद करायचा का. मी वरून खाली ओरडत होतो की काचेपासून लांब व्हा, आत जा, पण एका माणसाचं कोण ऐकणार आणि का ऐकावं, माझ्याकडे काय अधिकार होता. लोकांची यात काहीच चूक नाही. त्यांना आयुष्यात कुणी सांगितलेलंच नाही की अशा वेळी काय करायचं.

आता सेफ्टीचा माणूस म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा करू नका, कारण हेच तुम्हाला फोनवर बोलावं लागणार आहे.

स्फोट आणि गॅस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्फोटात लांबच्या माणसाला सगळ्यात मोठा धोका काचेचा. उजेड आधी दिसतो, धक्का मागून येतो, आवाजाच्या वेगाने धरलं तर एका किलोमीटरला साधारण तीन सेकंद. म्हणजे एमआयडीसीच्या दिशेला मोठा भगभगाट दिसला तर दोन किलोमीटरवरच्या माणसाकडे पाच-सहा सेकंद असतात. तेवढ्यात खाली बसून भिंतीच्या आड होता येतं. पण आपण नेमकं उलटं करतो, काय झालं बघायला खिडकीत जातो. बैरूतला ४ ऑगस्ट २०२० ला बंदराच्या गोदामात आधी आग लागली, धूर दिसत होता, लोक खिडकीतून बाल्कनीतून बघत होते, शूटिंग करत होते, आणि मग २७५० टन अमोनियम नायट्रेट एकदम उडालं. किती जणांचे डोळे काचांनी गेले. कंपनीत आग लागलीये असं दिसलं की खिडकीपासून लांब व्हायचं, ही एवढी एक गोष्ट जरी प्रत्येक घरात पोचली ना तरी पुढच्या वेळेला हॉस्पिटलमध्ये टाके घालायला येणारी गर्दी कितीतरी कमी होईल.

गॅसचं वेगळं आहे. गॅस सुटला की माणसाला वाटतं पळावं. बऱ्याच वेळा पळणं हीच सगळ्यात वाईट गोष्ट असते कारण पळताना आपण जोरजोरात श्वास घेतो, आणि कुठल्या दिशेला पळतोय हे माहीत नसेल तर ढगाबरोबरच पळत राहतो. भोपाळला २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री हेच झालं. टँकमधून मिथाइल आयसोसायनेट नावाचा विषारी वायू सुटला, थंडीची रात्र, वारा हलका, गॅस जमिनीलगत राहिला, लोक झोपेतून उठून रस्त्यावर धावत सुटले. बाहेरच्या वस्तीसाठी असलेला भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला होता. तोंडावर ओलं फडकं धरा, दारं लावा, वारा जिकडे वाहतोय तिकडे पळू नका, एवढं त्या वस्तीला आधीच माहीत असतं तर काय झालं असतं, हा विचार या धंद्यातल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात कधी ना कधी येतोच. आणि विशाखापट्टणमला ७ मे २०२० ला पहाटे कारखान्यातून स्टायरीन नावाचं रसायन सुटलं तेव्हा तर ३५ वर्षं उलटून गेली होती भोपाळला, तरी सायरन वाजलाच नाही. लोकांना जाग आली ती वासाने आणि घुसमटीने, आणि १२ जण गेले.

पक्क्या सिमेंटच्या घरात दारं खिडक्या लावल्या, एक्झॉस्ट फॅन आणि एसी बंद केला, फटीत ओला टॉवेल कोंबला तर गॅस आत शिरायला वेळ लागतो, आणि बहुतेक गळतीत ढग तेवढ्या वेळात पुढे सरकतो. क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड, तो खाली साचतो, तळमजल्यावर, बेसमेंटमध्ये, नाल्यात, म्हणून तेव्हा वरच्या मजल्यावर जायचं. अमोनिया तसा हलका, पण टाकीतून थंडगार सुटतो तेव्हा तोही आधी जमिनीलगत पसरतो. बाहेर असाल तर वाऱ्याला आडवं चालायचं, म्हणजे वारा तुमच्या उजव्या किंवा डाव्या कानावर लागला पाहिजे. वारा कुठून येतोय हे झेंड्याकडे बघा, चिमणीच्या धुराकडे बघा, वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघा. पत्र्याच्या झोपडीला मात्र हे घरात थांबायचं गणित लागू पडत नाही, तिथे फटीच फटी. त्यांना जवळच्या पक्क्या इमारतीत, शाळेत, समाजमंदिरात नेऊन आत बसवावं लागेल, आणि ती इमारत कोणती, तिची चावी कुणाकडे, रात्री दोन वाजता ती कोण उघडणार, हे आजच ठरवून ठेवावं लागेल. हे काम नगरसेवकाशिवाय दुसरं कोण करू शकतं मला सांगा.

अजून एक बारकावा आहे तो फारसं कुणी बोलत नाही. बंद घरात हळूहळू थोडा गॅस शिरतोच, आणि बाहेरचा ढग निघून गेला तरी आतला तसाच राहतो. म्हणजे एक वेळ अशी येते की बाहेरची हवा आतल्यापेक्षा चांगली असते, तेव्हा पटकन खिडक्या उघडून बाहेर यायचं असतं. ती वेळ घरात बसलेल्या माणसाला कशी कळणार? कुणीतरी मोजून सांगायला हवं, धोका टळल्याचा दुसरा भोंगा हवा. म्हणून नुसतं लोकांना घरात थांबा सांगून भागत नाही, मागे यंत्रणा लागते, गॅस मोजणारी माणसं, निर्णय घेणारा एक माणूस, आणि तो निर्णय घराघरात पोचवणारी साखळी. तिलाच प्लॅन म्हणायचं.

आता तुम्ही म्हणाल प्लॅन तर असतोच. बरोबर आहे, कायद्याने असतोच. भोपाळनंतर आपल्याकडे बरेच चांगले कायदे झाले. फॅक्टरी ॲक्टमध्ये १९८७ साली कलमं घातली की घातक प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याने कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आजूबाजूला राहणाऱ्या लोकांना धोक्याची माहिती द्यायची. १९८९ चे घातक रसायनांचे नियम आले, त्यात कंपनीच्या कुंपणाच्या आतला प्लॅन कंपनीने करायचा आणि कुंपणाच्या बाहेरचा, ज्याला ऑफसाइट प्लॅन म्हणतात, तो जिल्ह्याच्या पातळीवर करायचा आणि वर्षातून एकदा तरी त्याची रंगीत तालीम घ्यायची. आणि १९९६ चे रासायनिक अपघातांचे नियम तर खास आपल्यासाठीच आहेत, ते तुम्ही प्रत्येकाने एकदा वाचाच. त्यात देशापासून खालपर्यंत गट सांगितलेत, केंद्राचा, राज्याचा, जिल्ह्याचा, आणि सगळ्यात खाली औद्योगिक पट्ट्याचा स्थानिक गट, लोकल क्रायसिस ग्रुप. अध्यक्ष प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी. सदस्यांमध्ये फॅक्टरी इन्स्पेक्टर, फायर ऑफिसर, पोलीस, कंपन्यांची माणसं, केमिकल वाहतूकवाले, डॉक्टर, स्थानिक पेपरचा संपादक, समाजसेवक, गावचा सरपंच किंवा वस्तीतला जाणता माणूस. किती विचार करून बनवलाय बघा हा गट, पेपरचा संपादकसुद्धा घेतलाय म्हणजे बातमी बरोबर जावी. या गटाने महिन्यातून एकदा बसायचं, पट्ट्याचा प्लॅन करायचा, दर सहा महिन्यांनी पूर्ण मॉक ड्रिल घ्यायची, लोकांना शिकवायचं, आणि लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. हे सगळं नियमात लिहिलेलं आहे, मी माझ्या मनाचं काही सांगत नाहीये.

मग माझा प्रश्न तुम्हाला एवढाच आहे की तुमच्या पट्ट्याच्या स्थानिक गटात कोण कोण आहे हे तुम्हाला माहीत आहे का. शेवटची बैठक कधी झाली, वस्तीतला जाणता माणूस म्हणून कुणाचं नाव आहे, डॉक्टर कोण. माहीत असेल तर फारच चांगलं, ती नावं वॉर्डातल्या बोर्डवर लावा. माहीत नसेल तर लेखी विचारा, तुम्हाला विचारायचा हक्क आहे आणि त्यांनी माहिती द्यायची हे नियमातच आहे.

मॉक ड्रिलबद्दल थोडं जास्त बोलतो कारण त्यात माझं आयुष्य गेलंय. मी ज्या प्लांटमध्ये सुरुवातीला होतो तिथे ड्रिल म्हणजे तारीख ठरलेली, वेळ ठरलेली, सायरन वाजायच्या आधीच लोक हेल्मेट घालून तयार, फोटो, चहा, रिपोर्ट. एकदा एका नव्या पोराने, ऑपरेटर होता, शांतपणे म्हटलं की साहेब विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघा, वारा आपल्याकडेच येतोय, खरंच गॅस सुटला असता तर आपण सगळे असेंब्ली पॉइंटला, म्हणजे जमायच्या जागेला, उभं राहून तोच खाल्ला असता. त्या दिवसानंतर तिथे दोन विरुद्ध दिशांना दोन असेंब्ली पॉइंट झाले. ड्रिलचा फायदा हा असा असतो, काय चुकतंय ते कळतं. त्यामुळे माझं म्हणणं आहे की वस्तीतली ड्रिल न सांगता घ्या, नाहीतर निदान रात्री घ्या, पावसात घ्या, शाळा सुटायच्या वेळेला घ्या. मानपाडा रोडला संध्याकाळी सात वाजता बंब किती वेळात पोचतो ते घड्याळ लावून बघा. आणि ड्रिल झाल्यावर काय काय फसलं ते लोकांना सांगा, लपवू नका, त्याने कुणाची नाचक्की होत नाही, उलट लोकांचा विश्वास बसतो.

प्लॅनमध्ये एक मोठी फट आहे ती पण तुमच्या कानावर घालतो. १९८९ च्या नियमात प्रत्येक रसायनाला एक ठराविक साठा दिलाय, त्याच्या वर गेलं की ती कंपनी मोठ्या अपघाताच्या धोक्याच्या यादीत येते, क्लोरीनला तो १० टन आहे. मोठ्या कंपन्या यादीत असतात, त्यांच्याकडे सेफ्टी ऑफिसर असतो, प्लॅन असतो. पण आपल्या जुन्या एमआयडीसीत छोटे छोटे प्लॉट, एकाला एक लागून, प्रत्येकाकडे थोडा सॉल्व्हंट, थोडं ॲसिड, एक दोन रिॲक्टर. एकेकट्याचा साठा यादीच्या खाली राहतो पण भिंत सामाईक असते. एकाची रिॲक्शन हाताबाहेर गेली, तापमान चढत गेलं, कुलिंगचं पाणी बंद पडलं, तर शेजारच्याचे ड्रम पेटतात आणि मग कुणाच्या यादीत काय होतं याला काही अर्थ उरत नाही. म्हणून गल्लीची यादी करायला हवी, कंपनीकंपनीची करून भागणार नाही. गल्लीत मिळून काय काय आहे आणि कशाच्या शेजारी काय ठेवलंय.

आणि क्लोरीन म्हटल्यावर लगेच सांगतो, तुमच्या आमच्या शहरांत पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरण केंद्रात बऱ्याच ठिकाणी क्लोरीनचे टनर, म्हणजे मोठे सिलेंडर असतात, एकेक साधारण ९०० किलोचा. एक टनर व्हॉल्व्हला गळला तरी आजूबाजूच्या वस्तीचे हाल होतात. बर्फाच्या फॅक्टरीत, कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया असतो, त्याचं लायसन कुठलं आणि तपासणी कधी झाली हे वॉर्डात कुणाला माहीत नसतं. म्हणजे एमआयडीसी लांब असली तरी वॉर्ड सुटलेला नसतो. आपल्या पाणी केंद्रावर किती टनर आहेत, गळती थांबवायचं किट आहे का, ते वापरता येणारा माणूस रात्रपाळीला असतो का, सुटलेला गॅस शोषून घेणारा स्क्रबर चालू आहे का, हे तर तुम्ही उद्या सकाळी जाऊन बघू शकता, कुणाची परवानगी लागत नाही.

फायर ब्रिगेडच्या पोरांसाठी लिहितोय हे, नीट वाचा. बैरूतला त्या आगीला जे दहा जण आधी धावून गेले त्यांना आत काय ठेवलंय हे कुणी सांगितलं नव्हतं, दहाच्या दहा गेले. आपल्याकडे एमआयडीसीचं फायर स्टेशन वेगळं, महापालिकेचं वेगळं, मोठी आग लागली की नवी मुंबई, ठाणे, अंबरनाथहून बंब येतात. बाहेरून आलेल्या बंबाच्या ड्रायव्हरला गेट कुठलं, बंबाला पाणी घ्यायचा हायड्रंट कुठे, आत काय आहे, पाणी मारायचं की फोम, हे कोण सांगणार? काही केमिकल असे असतात की पाणी लागलं की आणखी भडकतात. प्रत्येक कंपनीच्या गेटबाहेर हवामानाने खराब न होणाऱ्या पेटीत आजच्या तारखेचा साठा, सेफ्टी डेटा शीट (त्या रसायनाचे धोके आणि उपाय सांगणारा कागद) आणि प्लॉटचा नकाशा ठेवायचा, आणि तीच माहिती दोन्ही फायर स्टेशनला संगणकावर. खर्च काहीच नाही याला. कंपन्या म्हणतील ट्रेड सीक्रेट. फॉर्म्युला कुणी मागत नाहीये, ड्रममध्ये काय आहे एवढं मागतोय.

हॉस्पिटलचंही तसंच. डॉक्टरला माणूस कशाने गुदमरलाय ते कळलं तर उपचार लवकर सुरू होतो, नाहीतर अंदाजाने. भोपाळच्या डॉक्टरांचे त्या रात्री काय हाल झाले ते जगाला माहीत आहे. आणि दारातच कपडे काढून अंगावर पाणी घालायची सोय हवी, नाहीतर पेशंटच्या कपड्यातून सगळं वॉर्डात जातं आणि नर्स बायका आजारी पडतात.

शाळा हा विषय माझ्या मनाला फार लागतो. आग दिसली की आई-वडील शाळेकडे धावतात, कुणीही धावेल, मीही धावेन. पण हजार स्कूटर एकाच रस्त्याला लागल्या की बंब अडकतो आणि मुलं उघड्यावर ढगात उभी राहतात. शाळेने मुलांना आत घेऊन दारं लावायची, पालकांनी यायचं नाही, शाळा मेसेज करेल तेव्हाच यायचं, हे पालक सभेत आधीच ठरलेलं असेल तरच पालक थांबतील. त्या दिवशी सांगून कुणी थांबणार नाही. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा पहिल्या पालक सभेत तुम्ही स्वतः जाऊन दहा मिनिटं बोला.

टँकरचं एका वाक्यात, कल्याण शीळ रोडने दिवसरात्र जे टँकर जातात त्यांच्या मागे केशरी पाटी असते, त्यावरचे चार आकडे म्हणजे आत काय आहे त्याची ओळख, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन, टँकर उलटला तर फोनवर लांबूनच वाचून तेवढे आकडे सांगा असं प्रत्येक रिक्षा स्टँडवर शिकवलं तरी खूप झालं. आणि रात्री नाल्यात टँकर रिकामा करणाऱ्यांवर लक्ष ठेवा, सुरतला सचिन भागात ६ जानेवारी २०२२ ला असंच नाल्यात केमिकल सोडताना गॅस झाला आणि सहा कामगार झोपेत नाहीतर कामावर असताना गेले.

लोकांना भोंगे वाजवून घाबरवू नका असं काहीजण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात काँट्रा कोस्टा म्हणून काउंटी आहे, तिथे रिफायनऱ्या आणि केमिकलचे कारखाने आहेत, तिथे दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी सकाळी अकराला भोंग्यांची टेस्ट होते. लहान मुलांनासुद्धा माहितीये की या वेळेला वाजला तर टेस्ट, दुसऱ्या वेळेला वाजला तर घरात जा, दारं लावा, बातम्या ऐका. तिथल्या कायद्यात स्थानिक समितीची पद्धत १९८६ साली आली, भोपाळनंतरच आली. म्हणजे आपल्या माणसांच्या मरणातून त्यांनी जे शिकून घेतलं ते आपणही घ्यायला काय हरकत आहे. आणि आपल्याकडे जमत नाही असं तर मुळीच नाही. २०२३ मध्ये सरकारने चाचणी म्हणून सगळ्यांच्या मोबाईलवर एकदम मोठ्या आवाजात इशारा पाठवला होता, आठवतंय ना, सगळे दचकले होते. मे २०२५ मध्ये युद्धाची मॉक ड्रिल झाली तेव्हा भोंगे वाजले, दिवे बंद झाले, लोकांनी साथ दिली. मग त्याच यंत्रणेवर आपल्या पट्ट्यासाठी मराठीत आणि हिंदीत दोन ओळींचा मेसेज आधीच लिहून ठेवायला काय अडचण आहे? घरात थांबा, दारं खिडक्या लावा, पुढच्या मेसेजपर्यंत बाहेर येऊ नका. गॅसचा वेगळा, स्फोटाचा वेगळा. त्या घाईत बसून कुणी मजकूर लिहीत बसायचा नसतो.

कारखाने हलवण्याबद्दल बोलायलाच हवं कारण तुम्ही लगेच तेच म्हणाल. २०२२ मध्ये राज्याने डोंबिवलीतले १५६ घातक कारखाने पाताळगंगेला न्यायचं ठरवलं, २०२४ च्या स्फोटानंतर परत घोषणा झाल्या. हलवायला माझा विरोध नाही. पण हलायला वर्षं जातात, जागा, पाणी, कामगारांची घरं, कोर्ट, आणि त्या वर्षांत रिॲक्टर रोज तापतोच आहे. शिवाय पाताळगंगा रसायनीला पण माणसंच राहतात ना, तिथल्या सरपंचांनी मग हेच पत्र वाचायचं का? जिथे कारखाना तिथे प्लॅन, मग तो आज इथे असो की उद्या तिथे. आणि कारखान्याच्या कुंपणाला लागून नवीन टॉवर उभे राहतात त्याचंही बघा. मधली मोकळी जागा कागदावर असते आणि ती खात खात बिल्डिंग येतात, मग आपणच म्हणतो कारखाने वस्तीत आले. विकास आराखड्यावर तुमच्या सभागृहात चर्चा होते, तिथे एखाद्याने तरी उभं राहून विचारायला हवं की या प्लॉटपासून रिॲक्टर किती मीटरवर आहे.

आता काम. पुढच्या महासभेत एक लेखी प्रश्न टाका, आमच्या पट्ट्याचा ऑफसाइट प्लॅन आणि स्थानिक गटाचा प्लॅन यातला आमच्या प्रभागाचा भाग आम्हाला मिळावा, मराठीत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात स्थानिक संस्थेची जबाबदारी कलम ४१ मध्ये लिहिलीये, अधिकाऱ्यांचं ट्रेनिंग आणि साधनं तयार ठेवणं, त्याचा आधार घ्या. वॉर्डात अंथरुणाला खिळलेली माणसं कुठे कुठे आहेत, ऑक्सिजनवर कोण आहे, ऐकू न येणारं कोण आहे, याची यादी आशाताईंना आणि सोसायट्यांच्या सेक्रेटरींना घेऊन करा, ती तुमच्याकडे आणि फायर स्टेशनला ठेवा. भोंग्याचा आवाज कुठपर्यंत येतो ते गच्चीवर आणि बंद खोलीत, दोन्हीकडे उभं राहून ऐका. कामगारांना यात धरा, ते तुमच्याच वॉर्डात भाड्याने राहतात, बरेचसे यूपी बिहारचे, मतदार यादीत नसतील पण प्लांटमध्ये आज काय चाललंय ते सगळ्यात आधी त्यांना कळतं आणि सगळ्यात आधी मरतातही तेच. त्यांनी कंपनीतला धोका सांगितला तर त्यांची नोकरी जाणार नाही एवढी हमी तुम्ही मिळवून देऊ शकलात तर अर्धे अपघात व्हायच्या आधीच कळतील असं मला अनुभवावरून वाटतं.

आमच्यासारखी रिटायर झालेली प्लांटची माणसं या सगळ्या शहरांत भरपूर आहेत, शिफ्ट इनचार्ज, फिटर, बॉयलर अटेंडंट, लॅबवाले. त्यांना बोलवा, ती पैसे न घेता येतील. सभेतल्या प्रश्नाचा मसुदा मी लिहून ठेवलाय, एक पानाचा आहे, ज्यांना हवा त्यांना देतो. गॅस आणि स्फोट यासाठी घरात लावायचं एक पत्रक पण केलंय, लहान मुलांना कळेल अशा भाषेत. फक्त त्यावर भोंगा किती वेळ वाजला की काय समजायचं ती ओळ मोकळी ठेवलीये, कारण ती मी ठरवू शकत नाही, ती तुमच्या स्थानिक गटाने ठरवून द्यायची आहे. ती ओळ पावसाळ्याच्या आधी भरून मिळावी.

तुमचाच एक मतदार,
निवृत्त सेफ्टी ऑफिसर, डोंबिवली पूर्व